न्यूट्रल मारुतीचा कॉम्प्युटर

येळ्ळूर
१४ सप्टेंबर २०२५

बाबगोंडा,

आपण एकमेकांशी बोलायचं नाही असं २००१ साली ठरलं आहे आणि मी ते पाळणार आहे. लिहायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, म्हणून हे पत्र. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

आमच्या मुलानं, नागेंद्रनं, मोबाइलवर जाहिरात बघून एक जुना कॉम्प्युटर घेतला. खेळायचा, भारीतला, 'एकदम नव्यासारखा' असं लिहिलेला. विकणारीचं नाव श्रद्धा, एवढंच त्याला माहीत. निपाणीच्या सकाळच्या गाडीनं खोकं आलं ते तंबाखूच्या पोत्यात शिवून. तिथंच मला शंका यायला हवी होती. उघडल्याबरोबर आमची रुक्मा सात वेळा शिंकली, मी अकरा वेळा. आतल्या तिन्ही पंख्यांवर भुकटीचा थर होता. आणि खोक्याच्या तळाशी तुझ्या सहीचं, पर्युषणाला तुम्ही जैन लोक वाटता ते छापील 'उत्तम क्षमा' कार्ड. म्हणजे श्रद्धा ही तुझी सून, आणि हा कॉम्प्युटर तुमच्या वखारीतला.

कार्डात लिहिलंय, 'वर्षभरात कळत-नकळत मन दुखावले असल्यास क्षमा असावी.' चोवीस वर्षांनी क्षमा मागितलीस ती छापील, आणि तीही फक्त चालू वर्षाची. मागची थकबाकी कुणाकडे मागायची ते कळव.

खोकं तसंच परत पाठवणार होतो. पण नागेंद्रनं मशीन चालू केलं तर त्यात बस चालवायचा खेळ निघाला, आणि त्या खेळात आपला रस्ता. चौपदरी व्हायच्या आधीचा, निपाणी ते बेळगाव, तवंदी घाटासकट. सोळा वर्षं मी ज्याच्यावर गाडी चालवली आणि तू मागं तिकिटं फाडलीस तोच. मी खेळण्यातला माणूस नाही हे तुला माहीत आहे. तरी नागेंद्रकडून स्टिअरिंग, तीन पेडल आणि गिअरची काठी मागवून घेतली आणि गेले आठ दिवस रोज दोन खेपा करतोय.

आता तक्रार. गाडी झटके खाते. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो, अठरा. नागेंद्र म्हणतो, सेकंदाला अठराच चित्रं येतात, साठ यायला पाहिजेत. आणि पिंपळाच्या वळणावर, जिथं आपली गाडी गटारात गेली होती, तिथं चित्र साफ अडकतं. सुटतं तेव्हा गाडी गटारात असते. नेमकी तिथंच. यावर तुझं म्हणणं लेखी कळव.

मारुतीराव


निपाणी
२० सप्टेंबर २०२५

ड्रायव्हरसाहेब,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून लॉगशीटवरच्यासारखंच आहे, अर्ध्या ओळी उतारावर निघालेल्या.

कॉम्प्युटर कुणाच्या घरी जातोय हे खोक्यावर पत्ता लिहिताना मला कळलं. 'येळ्ळूर' वाचलं आणि आडनाव वाचलं. श्रद्धाला म्हटलं, हे गिऱ्हाईक एक दिवसात तक्रार करील. तुला आठ दिवस लागले, म्हणजे म्हातारा झालास. शिंकेचं म्हणशील तर तीस वर्षं खालच्या ओठात तंबाखूचा विडा धरून स्टिअरिंग फिरवलंस, तेव्हा नाही शिंकलास. आता पंख्यावरची भुकटी झोंबली होय.

तो रस्ता श्रद्धानं बनवलाय. ती हिशेबनीस आहे वखारीत, पण डोकं ह्या खेळांत. मला दुपारी करमत नाही बघून तिनं एक वर्ष बसून जुना रस्ता केला. मी सांगत गेलो, ती करत गेली. आता तिनं नवं मशीन घेतलं म्हणून जुनं विकायला काढलं.

तुझ्या त्या आकड्याचं मी तिला विचारलं. ती फ्रेम म्हणते. मला कळलं तसं तुला सांगतो. संकेश्वरच्या बाजारादिवशी गाडीत नव्वद माणूस चढलं आणि कंडक्टरनं मिनिटाला दोनच तिकिटं फाडली तर काय होईल? अर्धी माणसं बिनतिकिटाची उतरून जातील. तुझ्या स्क्रीनवर वळणाचं तसंच होतंय, अर्धं वळण बिनतिकिटाचं जातंय. आता तिथं माझ्यासारखा कंडक्टर नाही त्याला मी काय करू.

श्रद्धानं रॅमच्या दोन पट्ट्या दिल्यात. त्या ह्या पत्राबरोबर खोक्यात आहेत. नागेंद्रला बसवायला सांग, तू हात लावू नकोस.

पिंपळाच्या वळणावर चित्र अडकतं म्हणतोस. ती जागा मला विसरायला झालेली नाही. पण एक विचारतो. त्या चौकशीतला माझा जबाब तू कधी वाचलास का?

बाबगोंडा


येळ्ळूर
५ ऑक्टोबर २०२५

बाबगोंडा,

रॅम बसवली. अठराचे एकवीस झाले. तुझी मदत नेहमी एवढीच असते.

खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा केली. गाडीची करायचो तशीच, झेंडूची माळ घालून. रुक्मानं कुंकू जरा सढळ हातानं लावलं, ते पंख्यानं आत ओढून घेतलं आणि दुसऱ्या बाजूनं माझ्या धोतरावर सोडलं. नागेंद्र चिडला. त्याला म्हटलं, बत्तीस वर्षं ज्या गाडीची पूजा केली तिनं कधी वाटेत दगा दिला नाही. तो म्हणाला, "आप्पा, गाडीत कुंकू इंजिनमधी टाकत न्हवता न्हवं?" आजकालची पोरं उलट फार बोलतात.

रस्त्याबद्दल बोलायचं तर तुझ्या सुनेचा हात चांगला आहे, पण सांगणारा चुकला. तिच्या रस्त्यावर प्रत्येक थांबा जागेवर आहे. हत्तरगीचं चहाचं हॉटेल आहे, त्याच्या बाहेरचं बाकडंसुद्धा आहे. वंटमुरीला भाजीच्या बुट्ट्या घेऊन थांबलेल्या बायका आहेत. फक्त दोन थांब्यांच्या मधली वळणं नाहीत, दोरी धरल्यासारखा रस्ता. असं का, याचा मी विचार केला. तू सोळा वर्षं माझ्या गाडीत होतास, पण तोंड कायम मागं पॅसेंजरकडं. तू रस्ता पाहिलास तो फक्त मागच्या काचेतून, तोही निघून गेलेला. मी वळणांचा कागद काढून जोडलाय. तिला दे.

आता ऐक, मला हा खेळ कशासाठी पाहिजे.

गाडी गटारात गेली त्यात कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गुणाबाईची दुधाची किटली सांडली, एवढंच. पण चौकशी लागली, दोन वेतनवाढी गेल्या, आणि निकालात लिहून आलं की चालकानं डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल केली होती. तेव्हापासून मी 'न्यूट्रल मारुती'. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, दरवर्षी संकेश्वरला निवृत्तांच्या मेळाव्यात मी हॉलमध्ये पाय टाकला की रवळू मेकॅनिक ओरडतो, "आलं बगा न्यूट्रल." मागच्या वर्षी नातीला घेऊन गेलो होतो. तिनं वाटेत विचारलं, आजोबा, न्यूट्रल म्हणजे काय? मी सांगितलं, शांत स्वभावाचा. ती हसली नाही, म्हणजे तिला पटलं नाही.

गाडीत माझ्याशिवाय दुसरा नोकरीतला माणूस एकच होता. न्यूट्रलचं तू सोडून कोण लिहून देणार? म्हणून मी तुझ्याशी बोलणं टाकलं. पुढची तीन वर्षं आपण एकाच गाडीवर काढली, एक बेल थांबायला आणि दोन निघायला, त्यापलीकडे शब्द नाही.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, आणि त्या वळणावर म्हैस आडवी आली तर दुसऱ्या गिअरमधली गाडीसुद्धा कुणाच्या बापाला थांबवता येत नाही. ते वळण आता डोंगरासकट कापून टाकलंय. दाखवायचं तर कुठं? ह्या कॉम्प्युटरवर आहे. २८ डिसेंबरच्या मेळाव्यात मी तो टेबलावर मांडणार आणि सगळ्यांसमोर ती गाडी घाटातून खाली आणणार. पण चित्र अडकलं तर म्हणतील, बघा, इथंही म्हाताऱ्यानं सबब शोधली. म्हणून मला साठ फ्रेम पाहिजेत. रस्त्यात म्हैसही घालायला सांग.

आणि मी ते दाखवलं की तू उभा राहून म्हणायचं, माझा जबाब खोटा होता. आहे कबूल?

मारुतीराव


निपाणी
१२ ऑक्टोबर २०२५

मारुतीराव,

कबूल. तू दाखव, मी उभा राहतो. पण तू गिअरमध्ये होतास हे सिद्ध करायला कॉम्प्युटर लागावा, हे मला अजून समजलेलं नाही.

वळणांचा कागद श्रद्धाला दिला. ती म्हणाली, "आप्पा, तुमी मला सांगितलेला रस्ता आनि ह्यो रस्ता ह्यात निम्मा डोंगर गळालाय की." मग मी खरं ते सांगितलं, की माझं काम तिकिटाचं होतं, डोंगराचं नव्हतं. आता घाट पुन्हा केलाय. म्हैस घातली आहे. तिनं रंग विचारला. मी म्हटलं काळी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि चेहरा साधारण मारुतीरावासारखा. ठिपक्यापर्यंत तिनं ऐकलं.

ती म्हणते रॅमनं भागणार नाही, ग्राफिक कार्ड बदलायला पाहिजे. तिच्याकडं एक आहे, चांगलं वजनदार. गोधडीत गुंडाळून आजच्या गाडीनं पाठवतोय. कंडक्टर नवा पोरगा आहे, त्याला बजावलंय की हे बाळंतिणीसारखं मांडीवर घेऊन बस. यानं आकडा दुप्पट होईल असं ती म्हणाली. तंबाखूची भुकटीही तिनं ब्रशनं काढलीय, शिंकायला तुला दुसरं काही बघावं लागेल.

मेळाव्याचं तू लिहिलंस. मी चार वर्षं तिकडं फिरकलो नाही. तिथं गेलं की मला तोंड आवरत नाही आणि घरी येऊन ब्लडप्रेशरची गोळी घ्यावी लागते. यावर्षी तुझ्यासाठी येईन.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. जबाब वाचलास का?

बाबगोंडा


येळ्ळूर
३ नोव्हेंबर २०२५

बाबगोंडा,

वाचला नाही, आणि वाचणारही नाही. जबाब कन्नडात, निकाल कन्नडात. मी तेव्हाच अर्ज दिला होता की मला मराठीत प्रत पाहिजे, तो माझा हक्क आहे. चोवीस वर्षं झाली, प्रत आलेली नाही. परवा एक नोव्हेंबरला, सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिवसाच्या फेरीत पाय दुखेपर्यंत चाललो तो काय घरी येऊन तुझी कन्नड 'हेळिके', म्हणजे तो जबाब, वाचण्यासाठी? मला कन्नड येत नाही असं नाही. बत्तीस वर्षं गाडीच्या पाट्या मीच बदलल्या. पण ज्या कागदानं माझं नाव घालवलं तो मी माझ्या भाषेतच वाचणार.

तुझं ग्राफिक कार्ड बसवलं. एकवीसचे चोवीस. वजनदार म्हणालास ते खरं, ते बसवल्यापासून कॅबिनेट एका अंगाला कललंय. वळण आलं की चित्र अडकतं ते अडकतंच. घाट नव्यानं केलास, म्हैस घातलीस, आणि गाडी नेमकी म्हशीपाशी गोठते. काल सोळा वेळा उतरलो, सोळाही वेळा गटारात.

मी काही दुधखुळा नाही. तुला मेळाव्यात उभं राहून खोटेपणा कबूल करायचा नाही. म्हणून आधी भुकटी भरलेलं मशीन, मग निकामी पट्ट्या, मग हे मेलेलं कार्ड. मेळाव्याला चार वर्षं का येत नाहीस तेही मला आता उमगलं. खोट्या माणसाला तोंड दाखवायची लाज वाटतच असणार. आणि भाद्रपदात पर्युषणाला दहा दिवस सत्यावर प्रवचन ऐकतोस म्हणे, पुढच्या ओळीत बसून.

तुझं क्षमेचं कार्ड परत पाठवतोय. यापुढं लिहायचंही नाही असं ठरलं.

मारुतीराव


येळ्ळूर, तुमच्याच सोप्यात बसून
१९ नोव्हेंबर २०२५

मारुतीकाका,

जय जिनेंद्र. मी श्रद्धा, बाबगोंडा आप्पांची सून. शहापुरात नणंदेच्या साड्या बघायला आले होते, तिथून येळ्ळूर जवळ म्हणून आले. तुम्ही रानात गेला होता. काकूंनी चहा दिला, मग कॉम्प्युटरपाशी बसू दिलं. ही चिठ्ठी कीबोर्डवर ठेवून जाते.

आप्पांना मी येणार हे माहीत नाही. तुमचं पत्र आल्यापासून ते ताटावरून अर्धवट उठतात. मी दिलेलं कार्ड मेलेलं आहे असं तुम्ही लिहिलंत, तेही मला लागलं. त्या कार्डावर मी दोन वर्षं सेकंदाला नव्वद फ्रेमनं खेळले आहे, काका. म्हणून बघायला आले.

कार्ड ठणठणीत आहे. रॅमही. तुमच्या स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं हिरवं पान दिसतं. ते वीज बचतीचं आहे. ते चालू असलं की मशीन पाय ओढत चालतं, कितीही भारी कार्ड घाला, कामाला ताकदच मिळत नाही. हे कुणी चालू केलं असं मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ह्येनीच की गं बाई. पयल्याच दिवशी ते पान बगितलं आनि म्हनले, बचत हाय, लावून टाक. आपल्या घरात फुकाट काय जाळायचं न्हाय. नागेंद्रनं दोनदा बंद किली तर दोनदा लावली, वर त्याला हात लावायचा न्हाय म्हनून सांगितलं." आणि मग त्यांनी भिंतीवरची ढाल दाखवली, १९९९ साली डिझेल बचतीत पहिला नंबर आला ती. कॉम्प्युटरच्या बरोबर वर लावली आहे.

ते पान मी बंद केलेलं नाही. माझ्या एका क्लिकचं काम होतं, पण तुम्ही पुन्हा लावलं असतं. पानावर बोट ठेवा, बंद करा, आणि घाटातून एकदा उतरून बघा.

दुसरी गोष्ट. आप्पांच्या ट्रंकेत चौकशीच्या कागदांची प्रत होती. तुम्हाला मराठीत पाहिजे होती, म्हणून मी मराठी करून आणली आहे. चोवीस वर्षं उशीर झाला त्याबद्दल क्षमा, मी तेव्हा दुसरीत होते. आप्पांचा जबाब असा आहे :

'गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. म्हैस अचानक आडवी आल्याने गाडी बाजूस घ्यावी लागली. चालक मारुतीराव उतारावर गाडी कधीही न्यूट्रल करत नाहीत. मी तेरा वर्षे त्यांच्या गाडीवर आहे.'

आणि निकालाची शेवटची ओळ अशी : 'वाहकाचा जबाब चालकाच्या बाजूने असला तरी चालकाने स्वतःच्या मराठी जबाबात "मी नेहमीप्रमाणे डिझेल वाचवत उतारावरून येत होतो" असे अभिमानाने नमूद केले आहे. त्यावरून गाडी न्यूट्रल होती असा निष्कर्ष निघतो.'

मी भाषांतरात काही घातलेलं नाही. 'अभिमानाने' हा शब्द मूळ कागदातच आहे.

चहा फार छान होता.

श्रद्धा


येळ्ळूर
२९ डिसेंबर २०२५

बाबगोंडा,

लिहायचं नाही असं मीच ठरवलं होतं, मीच मोडतोय. काल मेळाव्याला तू आला नाहीस. मी दारात अकरा वाजेपर्यंत उभा होतो.

तुझी सून आली होती हे तुला आतापर्यंत कळलं असेल. तिची चिठ्ठी वाचून मी ते पान चार दिवस बंद केलं नाही. मशीनपुढं नुसता बसत होतो. भीती वाटत होती, हे तुला सांगायला मला आता लाज नाही. पाचव्या दिवशी बंद केलं. कोपऱ्यातला आकडा ब्याऐंशी झाला. चित्र असं चालायला लागलं की मला नागेंद्रला हाक मारून दाखवावंसं वाटलं, पण मारली नाही. मी घाटातून खाली आलो, दुसऱ्या गिअरमध्ये. पिंपळ आला, वळण आलं, म्हैस आली. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. म्हशीपासून हातभर अलीकडं, साधी, सरळ थांबली. मी वीस वेळा उतरलो. वीसही वेळा थांबली.

तरी काल कॉम्प्युटर घेऊन गेलो. न जाऊन चाललं असतं, रुक्माही म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की, आता कशाला?" पण मी गेलो. हॉलमध्ये चाळीसेक म्हातारे होते, पंगत बसायची होती. टेबलावर मशीन मांडलं. रवळू ओरडला, "न्यूट्रलनं आज गाडीच आनली की रं." सगळे भोवती जमले. जुना रस्ता बघून एकेका थांब्याचं नाव घ्यायला लागले. मग एकजण हत्तरगीचं बाकडं ओळखून रडायला लागला. तिथं तो रोज जेवायचा.

मी गाडी घाटातून आणली. दुसरा गिअर. म्हैस आली, गाडी थांबली. टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं, झालं, मारुती जिंकला. रवळू तेवढा स्क्रीनकडं बघत राहिला. मेकॅनिकच तो. म्हणाला, "थांबली की रं गाडी. मग तवा का न्हाय थांबली?"

मी गाडी परत वर नेली. पिंपळाच्या अलीकडं गिअरची काठी मधे आणली आणि सोडून दिली. इंजिनचा आवाज पडला, तो तुझ्या कानालाही ओळखीचा असेल. म्हैस आली, मी ब्रेक दाबला, आणि गाडी गटारात गेली. तेव्हा जशी डाव्या अंगावर कलली होती तशीच कलली. गुणाबाईची किटली तेवढी सांडली नाही.

मी म्हटलं, "न्यूट्रलमधी हुती. मीच किली हुती."  गेली चोवीस वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो की गिअरमध्ये होती, सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. मग त्यांना तुझा जबाब वाचून दाखवला, श्रद्धानं केलेला. म्हटलं, ह्या माणसानं माझी नोकरी वाचवायला कन्नडात खोटं लिहून दिलं, आणि मी त्याला मराठीत शिव्या देत राहिलो.

नाव काही पुसलं गेलं नाही. पंगतीत वाढपीसुद्धा म्हणत होता, "न्यूट्रलआण्णा, भात वाढू का?" पण यावेळी मला राग आला नाही, कारण ते खरं आहे. तुलाही एक नाव मिळालं आहे, 'गिअर बाबगोंडा'. रवळूनं ठेवलं.

माझ्यासाठी खोटं बोललास, आणि तुझ्यासारख्या पुढच्या ओळीत बसणाऱ्या माणसाला ते किती जड गेलं असेल ते मला कळतं. क्षमा कर. छापील नाही, हातानं लिहितोय. ते कार्ड मी रागानं परत पाठवलं, ते तुझ्याकडं असेल तर पुन्हा दे.

एकदा येळ्ळूरला ये. मशीन आता चांगलं चालतंय. मी गाडी काढतो, तू मागं उभा राहून दोन बेल मार. नाहीतर ह्यावेळी तोंड पुढं करून बस आणि रस्ता कसा होता तो बघ.

मारुतीराव


निपाणी
२ जानेवारी २०२६

मारुतीराव,

मेळाव्याला मी आलो नाही कारण तू मला खोटा म्हणालास. रागानं गोळी दोनदा घेतली होती. श्रद्धानं येळ्ळूरला जाऊन काय केलं ते तिनं मला तुझं पत्र आल्यावर सांगितलं.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्यांदा फार राग आला. तिसरं वाचन खरं.

मी खोटं लिहिलं नव्हतं.

मी तेव्हा गुणाबाईला तिकीट देत होतो. तोंड मागं होतं, तूच म्हणतोस तसं. गिअर कुठं होता ते मी पाहिलं नाही, आवाज पडला तोही मला कळला नाही, गाडीत कोंबड्या ओरडत होत्या. साहेबानं विचारलं, गाडी न्यूट्रल होती का? मला जे वाटत होतं ते मी लिहून दिलं. मारुतीराव असं करत नाही. सोळा वर्षं तुझ्या पाठीला पाठ लावून उभा राहिलो ते रस्ता बघून नाही, तू बघतोयस म्हणून. मेळाव्याला मी चार वर्षं का येत नाही ते तुला उमगलं म्हणे. तिथं तुझ्या माघारी कुणी तुला न्यूट्रल म्हटलं की मी भांडायचो. २०२१ साली तू यायच्या आधीच रवळूची कॉलर धरली होती. तुझ्या नावासाठी.

आता त्याच्याकडं जाऊन काय सांगू ते तू मला सांग. कॉलर शिवून द्यावी लागेल असं दिसतंय.

कॉम्प्युटर, कार्ड, रॅम, सगळं तुझं तुला लखलाभ. श्रद्धा म्हणते आणखी एक पंखा बसवला तर शंभर फ्रेम येतील. मी तिला सांगितलं, नको, ह्या माणसाला ब्याऐंशीमध्येच भरपूर दिसलंय. क्षमेचं कार्ड माझ्याकडं आहे. ते परत छापील देणार नाही, त्याच्या पाठीवर हातानं लिहून आणतोय.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. रुक्मावहिनींना कांदा-लसूण नसलेली भाजी करायला सांग. बेल मारायला मागं उभा राहणार नाही. तुझ्या शेजारी बसणार आहे, आणि तिथून मी रस्ता बघणार नाही, गिअर बघणार आहे.

बाबगोंडा